तीन मिनिटं

कुमुदच्या लेकरांनो,
मी हार आणला नाही.
घाटल्याच्या नाक्यावर फुलवाल्यानं भाव सांगितला
आणि मला तीच ऐकू आली:
"एवढ्यात मांदेलीचे दोन वाटे आले असते."
तशीच पुढे आले.

फोर्टच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये बावीस वर्षं
ती सात नंबरच्या बोर्डावर, मी आठच्या.
सांगली, नांदेड, वेंगुर्लं
तिच्या बोटांना तोंडपाठ.
कुणाचं बाळंतपण, कुणाची बदली,
कुणाचं नुसतंच "लवकर ये",
सगळं तिच्या डाव्या कानात गेलं
आणि कुठूनही बाहेर पडलं नाही.
तुम्ही म्हणायचात, आई घरी फार बोलत नाही.
कशी बोलेल? परक्यांचं बोलणं
सांडू न देता घरी यायचं असायचं तिला.

एकदा रात्रपाळीला एक पोरगा,
नळबाजारात कुठल्याशा दुकानात कामाला.
देवरूखला त्याची आई गेलेली.
तीन मिनिटं संपली,
हा नुसता रडतोय, शब्द एक नाही.
कुमुदनं घड्याळाकडे पाठ केली.
अकरा मिनिटं.
पुढच्या पगारातून साडेसोळा रुपये कापले.
सही करताना म्हणाली, "स्वस्त पडलं गं."

तो डावा कान पुढे हळूहळू गेलाच.
मग उजव्याला फोन लावून ती ओरडायची
आणि पलीकडे जावई दचकायचा.

वैजू, तू सकाळपासून तेच सांगतेयस:
सहा वेळा लावला, लागला नाही,
सातव्यांदा शेजारणीनं उचलला.
ऐक, आमच्या कामातलं सांगते.
न लागलेल्या कॉलचीही चिठ्ठी व्हायची,
वेळ, नाव, गाव.
"प्रयत्न केला" असा शिक्का नव्हता,
ते कुमुद हातानं लिहायची,
कोपऱ्यात, पेन्सिलीनं.
कुणी सांगितलं नव्हतं तिला.
तुझ्या सहाही चिठ्ठ्या तिच्यापाशी आहेत.

आणि शेखर, नंबर बंद करायची घाई नको.
रिचार्ज आहे तोवर असू दे.
रात्री दोनला वाटलं तर लाव खुशाल.
कपाटातल्या पर्समध्ये वाजेल,
ओजस उठेल, चिडेल,
मग दोघं मिळून चहा करा.
साखर वरच्या फळीवर आहे,
हिंगाचं लेबल लावलेल्या डब्यात.
तिनं मला सांगून ठेवलं होतं,
तुम्हाला कुणाला सापडायची नाही म्हणून.