नऊ अक्षरांचे पंचेचाळीस

भांड्यावर नाव घालायचं तर अक्षरी पाच रुपये,
काना-मात्रा फुकट.
भांडी बाजारात आमच्याकडे हाच भाव, अजून.

गायधनीबाई दुपारच्या आल्या,
पिशवीत तांब्याचा गडू, निरोपसमारंभात मिळालेला.
एकतीस वर्षं नाशिकरोडला, प्रेसमध्ये,
नोटांवरचे नंबर तपासले त्यांनी.
म्हटलं, शशिकला घालू की शशिकलाबाई?
म्हणाल्या, आमच्या सोसायटीत शशिकला तिघी आहेत,
हळदीकुंकवाला भांडी बदलतात.
हा घाला. असा एकच आहे.
बसच्या तिकिटामागे लिहिलेलं:
अडतीस कोटी सोळा लाख चोपन्न हजार सातशे एकोणतीस.
मला वाटलं मोबाइल,
पण मोबाइलला एक आकडा कमी पडत होता.

३ कोरला. बाई स्टूल ओढून बसल्या.
८ उठला. अडतीस, दोघांत वाटा, म्हणाल्या, काही उरत नाही.
१. तीनशे एक्क्याऐंशी, तिघांत एकशे सत्तावीस.
म्हटलं, या एकाची शेंडी जरा वळली असती तर नऊ झाला असता.
मग तिघांत दोन उरले असते, त्या म्हणाल्या,
वर बघितलंसुद्धा नाही.

चार आकड्यांना चारनं, पाच झाले की पाचनं,
दर ठोक्याला पंगतीत एक पान वाढतं
आणि पातेल्यात शीत राहत नाही,
कुणी अर्धपोटी उठत नाही.

नऊ अक्षरं म्हणजे पाचवं मध्यावर,
खूण मी आधीच करून ठेवली होती.
तिथे नेमका ५ आला.
येणारच, म्हणाल्या, त्याला दुसरीकडे कुठे जागाच नाही.
विषम, सम, विषम, सम,
मठाराच्या हातोडीसारखं,
एक जड, एक हलका.

सातव्या घरात ७. छिन्नी टेकवली
तर बाईंनी हात वर केला.
बाकीच्यांना युक्त्या असतात हो,
बेरीज करा, शेपटाकडे बघा.
सात कुणाचं ऐकत नाही. त्याला भागाकारच लागतो.
भाजी निवडून झाली की दुधाच्या वहीची मागची पानं भरायचे मी.
शेवटी दहा उरल्या होत्या.
सातनं नऊ परत पाठवल्या.

खरं सांगतो, विश्वास बसला नाही.
बिलबुक उलटं करून मांडलं.
अडतीसात सात पंचे पस्तीस, उरले तीन.
एकतीसातून अठ्ठावीस, पुन्हा तीन.
मग छत्तीस आला, म्हटलं, इथे बिनसणार,
छत्तीसचं कुणाशी जमलंय?
उरला एक. पंधरातून उरला एक.
चौदा.
सात.
पेन्सिल खाली ठेवली. छिन्नी उचलली.

शेवटी विचारलं, पुढे शून्य घालू?
दहालाही भाग जाईल, शून्याचे पैसे घेत नाही.
बाईंनी गडू स्वतःकडे कलता करून
तोंडातून आत बघितलं.
ते आहे की, म्हणाल्या.

नऊ अक्षरं, पंचेचाळीस.
एकदम हसल्या. का ते मला घरी गेल्यावर कळलं,
एकापासून नऊपर्यंत बोटांवर मिळवत गेलो तेव्हा.

पन्नासची नोट देताना नंबरावरून अंगठा फिरवला,
सवयीनं,
आणि म्हणाल्या, हिच्यात काही नाही.

अजून गल्ल्यात टाकलेली नाही.
सहाच आकडे आहेत.
एकदा सातनं भागून बघणार आहे.