उशीच्या उंचीवरून

पागनीसांनी फाटकातच सांगितलं,
"लॉन पाहिजे. बायपासवरच्या हॉटेलात आहे ना, तसंच."
सुदामा नगर, तीस बाय पन्नासचा प्लॉट,
पूर्वेला चौदा फुटांची पट्टी.
तिच्यात विटांचे तुकडे, एक मोडकी सायकल
आणि मे महिन्यातली काळी माती,
मनगट जाईल एवढ्या भेगांची.

मी टेपचं एक टोक धरलं, गेंदालालनं दुसरं.
तो म्हणाला, "बाई, नकासो पछे.
पेलां देखो पाणी कां जायगो."
खरं होतं. ही माती पावसाळ्यात फुगते,
फरशी उचलून देते तळलेल्या पापडासारखी.
कॉलेजात हे मी दोन मार्कांसाठी वाचलं होतं,
पाठ केलं ते पहिल्या तीन गिऱ्हाइकांच्या पैशांनी.

घरी येऊन नकाशा काढला.
वर्तुळं म्हणजे झाडं, ठिपके म्हणजे गवत,
एक वळणदार वाट, जिला वळायचं काही कारण नव्हतं.
देखणा झाला होता.
घारीला नक्की आवडला असता.

दाखवायला गेले तेव्हा आतल्या खोलीतून आवाज आला,
"इकडे आण की. मला कुणी विचारणार आहे का?"
कुंदाताई. दोन वर्षं पाठीवर.
मी कागद त्यांच्या तोंडासमोर धरला.
त्यांनी तो सावकाश वाचला,
डावीकडून उजवीकडे, पोथीसारखा,
आणि म्हणाल्या, "यातलं मला काय दिसेल?"

मी चपला काढल्या
आणि शेजारच्या पलंगावर आडवी झाले.
पागनीस दारात अवघडून उभे.
खिडकीचा कट्टा तीन फुटांखालचं सगळं कापत होता.
लॉन नाही. गुलाब नाही. वाट तर नाहीच.
उरली भिंतीची वरची वीतभर कड, तीत रोवलेल्या काचा,
जैनांच्या गच्चीवरची काळी टाकी,
आणि पुष्कळसं आकाश,
जे मला बिलात लावता येत नाही.

नकाशा फाडला नाही, खोटं कशाला सांगू.
पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर
दुसरा सुरू केला, उशीपासून.

टाकीपुढे बांबू.
"फार दाट नको," कुंदाताई म्हणाल्या,
"जैनांची सून कपडे वाळत घालते, ती दिसू दे.
परवापासून तिनं एक पिवळी साडी काढलीय."
म्हणून डावीकडे दोन फूट मोकळे सोडले.
कट्ट्याला लागून उंच ओटा, त्यात काय?
"रातराणी नको, डोकं चढतं.
कुंद लाव. नाव तरी सार्थकी लागेल."

"आणि लॉन?" पागनीस.
नर्मदा एक दिवसाआड येते, मी म्हटलं, लॉन रोज पितं.
शेवटी फाटकापाशी चटईएवढं दिलं.
तिथे ते सकाळी अनवाणी उभे राहतात,
दोन पावलं पुढे, दोन मागे.

एक गोष्ट मात्र नकाशात दाखवता आली नाही.
खिडकीबाहेर, जमिनीलगत,
दगडाची पसरट कुंडी ठेवली. चार बोटं पाणी.
जागा सापडायला तीन सकाळी गेल्या.
मी आत पडून ओरडत होते, "अजून जरा डावीकडे,"
आणि गेंदालाल बाहेर कुंडी सरकवत मला शिव्या घालत होता,
असं त्याच्या पाठीवरून वाटत होतं.
चौथ्या दिवशी, सव्वाआठला,
पाण्यावरचं ऊन उसळून छताला लागलं
आणि पंख्याभोवती हलायला लागलं.
कुणीच काही बोललं नाही. पागनीसांनी पंखा बंद केला.

दिवाळीनंतर उरलेले पैसे घ्यायला गेले होते.
चहा येईपर्यंत कुंदाताईंपाशी बसले.
खिडकीकडे त्यांचं लक्षच नव्हतं. त्या छत बघत होत्या.
उजेड एकदम विस्कटला.
"कावळा," त्या म्हणाल्या.
मी वाकून पाहिलं. कावळाच.
"बुलबुल असला की नुसती शिवण उसवते," म्हणाल्या,
"थांब, येईलच आता."