मुठेल

सोहारच्या कॅम्पात, चौदा नंबरच्या खोलीत,
फ्रिजच्या दारात, कुणाच्या तरी मासळीशेजारी
माझा एक पांढरा मुटका असतो, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला.
पहिल्या वर्षी गफूरला वाटलं, चीज.
चाटून बघितला त्याने.
मग तीन दिवस माझ्याशी बोलला नाही.

चीज नव्हे, बाबा. मुठेल.
रातांब्याच्या बियांचं तेल, थिजलेलं.
हे हिंदीत सांगायला जमत नाही मला,
म्हणून हात पुढे केले:
सिमेंटने खाल्लेले तळवे, पेरापेरावर चिरा,
चिरांत राखाडी, आंघोळीला दाद न देणारी.
गॅसवर चमचा धरायचा, खडा वितळू द्यायचा,
सोसेल तेवढं गरम, थेंब थेंब भेगेत सोडायचं.
आधी शिवी येते. मग झोप येते.

गफूरने आपला हात पुढे केला.
दुसऱ्या शुक्रवारी तो मेंदी भिजवून घेऊन आला;
त्याच्याकडे तुर्बतला भेगांवर तीच लावतात.
आठवडाभर मी नवरदेवाच्या तळव्यांनी फरशा बसवल्या.

मुठेल करते द्वारकी आते, आंब्रडला.
सोलं काढून झाली की बियांना कोण विचारतो?
ती घरोघर मागून आणते,
वाळवते, दगडाने फोडते, वाटते,
रात्री चुलीवर टोप चढवते आणि तिथून हलत नाही.
सकाळी निवलेल्या पाण्यावर पांढरं धरलेलं असतं.
ते मुठीत घ्यायचं आणि दाबायचं.
साचा नाही, डबी नाही.
नावातच मूठ आहे.

म्हणून मुटक्यावर चार खाचा. तीन पुऱ्या,
एक अर्धी. लहानपणी गवत कापताना
करंगळी विळ्याने नेली तिची.
मस्कतला विमानतळावर एका कस्टमवाल्याने
मुटका दिव्याखाली फिरवला, नाकाशी धरला,
खाचांत स्वतःची बोटं ठेवून पाहिली.
करंगळी मावेना त्याची.
हसला. जा म्हणाला.

गेटवर हजेरीचं नवं यंत्र आलंय.
अंगठा ठेवा. ठेवला. लाल.
पुसून ठेवा. लाल.
तेवीस वर्षांत अंगठ्यावर
कंपनीला वाचता येईल असं काही उरलं नाही.
शिबू टाइमकीपर वहीत माझं नाव लिहितो, दर वेळी वेगळं:
सागून, सुगण, एकदा नुसतंच एस.
'रात्री मुठेल लाव,' गफूर सांगतो,
जसं काही त्याच्या आतेनेच पाठवलंय.

या जूनमध्ये महादू सुट्टीवरून आला, मुटका घेऊन.
कागद सोडला. चार खाचा.
चारही पुऱ्या.
उलटा केला. परत सुलटा केला.

दोन दिवसांनी फोन लावला.
म्हशीचं विचारलं. वीजबिलाचं विचारलं.
वहिनी म्हणाली, 'तेल बरं झालंय ना? यंदा वेदिकाने केलं,
परीक्षा संपल्यावर.'
बरं झालंय, म्हटलं.
आणि आते?

तिकडे कुणीतरी हातातलं भांडं खाली ठेवलं.
'सांगणारच होतो रे. पण तू एवढ्या लांब…'

जुन्या मुटक्याचा तुकडा आहे अजून, सुपारीएवढा.
नेमकी ती अर्धी खाचच उरलीय त्यावर.
फ्रीजरमध्ये ठेवलाय, सगळ्यात मागे.
बाहेर सत्तेचाळीस आहे; वीज गेली
तर तासाभरात त्याचं पाणी होईल.
गफूरला सांगून ठेवलंय,
आधी हा बर्फात घाल, मासळीचं मागाहून बघू.
त्याने का म्हणून विचारलं नाही.

नवा मुटका चमच्यात वितळतोय.
वेदिकाची मूठ लहान आहे, नीट दाबलेली नाही,
कडेने भुगा पडतो.
पुढच्या वर्षी जमेल तिला.