लग्नपत्रिकेच्या उरलेल्या कागदावर

अकरा वर्षं झाली.
लक्ष्मीपुरीत, सिकंदर मुजावरच्या छापखान्यात
लग्नपत्रिका कापून झाल्या की कडेला जो कागद उरतो
त्यावर माझं चौपानी निघतं,
चित्रांबद्दल, चित्रं काढणाऱ्यांबद्दल.
म्हणून त्याचा आकार कधी ठरलेला नाही.
मुहूर्त दाट असले की रुंद, जाड, हळदीच्या अंगाचं;
आषाढात नुसती पट्टी.
मार्चचा अंक तर एका बाजूनं चंदेरी होता,
गणपतीचा अर्धा कान त्यावर आधीच उमटलेला.
व्यक्तिचित्रांवरचा लेख
मी त्या कानाशेजारीच बसवला.

यंदा बारा ठरवले होते, नऊ निघाले.
प्रत्येकी दीडशे.
साठ दसरा चौकातल्या कलादालनात, अभिप्रायाच्या वहीजवळ,
वीस रंगांच्या दुकानात,
उरलेले पिशवीत घालून मी हिंडते.
एकदा खासबागेजवळ मिसळ खाताना
शेजारच्या टेबलावर दिसला आमचा जून महिना,
सांडलेला कट टिपायला घेतलेला.
लाल तेल बरोब्बर मथळ्यावर उतरत होतं.
रंगसंगती वाईट नव्हती.

"कोण वाचतंय गं हे?"
पतसंस्थेतल्या इंदुलकर मॅडम विचारतात,
दरवर्षी मार्चएंडला, जणू हीही एक थकबाकी.
मी म्हणते, वाचतंय की कोणतरी.

चप्पल लाईनमधली रूपा सातपुते
वडिलांच्या दुकानातल्या कातड्याच्या तुकड्यांवर
आरीनं टोचून माणसं काढते. सगळी पाठमोरी.
मी विचारलं, तोंडं का नाहीत?
"गिऱ्हाईक खाली बघून चप्पल घालतंय,
उठतंय, जातंय. मला पाठच दिसती."
हे तेवढं छापायचं होतं.
मी उगाच त्याच्याभोवती आठशे शब्द लिहिले.

आणि जानेवारीत विठ्ठलराव अतिग्रेंची जलरंगातली नदी.
मी लिहिलं: पाणी जिवंत, झाडं नेमकी,
आकाश मात्र आळसात रंगवलंय.
वाक्य मला फार आवडलं होतं.
दोनदा मोठ्यानं वाचून बघितलं होतं.

आठ दिवसांनी पोस्टकार्ड आलं.
"आकाश पुन्हा बघायला या.
शनिवारी, पहाटे सहाला, राजाराम बंधाऱ्यावर.
स्वेटर घाला."

गेले.
कारखान्याचा हंगाम, हवेत मळीचा वास,
धूर वर जातच नव्हता,
जेवून आडवं व्हावं तसा नदीभर पसरलेला.
त्याच्यावर खरंच काही नव्हतं.
एकाच ओढीचा करडा रंग,
दुसऱ्यांदा ब्रश न फिरवलेला.
अतिग्रे काही बोलले नाहीत.
थर्मासच्या झाकणात चहा ओतून पुढं केला.
खाली एका म्हशीनं पाण्यातून डोकं काढलं,
आमच्याकडं पाहिलं, परत घातलं.

पुढच्या अंकात, शेवटच्या पानावर, चौकटीत:
दुरुस्ती. आकाश आळशी नव्हतं.
लिहिणारी उशिरा उठते.
वर्षभरात सगळ्यात जास्त फोन
या दोन ओळींना आले. सात.

खर्च नऊ हजार दोनशे.
जमा चौदाशे, आणि रूपानं दिलेला एक पाठमोरा माणूस,
जो मी आरशासमोर ठेवलाय,
म्हणजे आरशातून तरी तो माझ्याकडं बघेल असं वाटलं होतं.
नाही बघत. आरशात कातड्याची मागची बाजू दिसते,
आरीची भोकं,
आणि त्यातून जरा उजेड.

दरवर्षी या सुमाराला ठरवते, बास आता.
बंद करण्याचं निवेदनही लिहून ठेवलंय, चांगलं जमलंय,
फक्त ते छापायला
एक अंक काढावा लागेल.

काल सिकंदरचा फोन.
"ताई, तुळशीची लग्नं लागली, काम सुरू झालंय.
कागद पडायला लागलाय.
यंदा निळा हाय.
आभाळाचं काय असंल तर लिवा."