एकेचाळीस नंबरचं पाणी

सकाळी पावणेआठला
बर्फाच्या डब्यात बसून तुम्ही आलात.
तीन मिलिलिटर. उजवा गुडघा.
वय चौतीस. काम, लाद्या बसवणं.
दुखणं, दहापैकी आठ.
एमआरआय, विशेष काही नाही.

नाव नाही. नाव मला कळू द्यायचं नसतं.

आधी मी सुईच्या टोकाशी एक थेंब लोंबू देते.
निरोगी सांध्याचं पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं,
पाकासारखी तार धरतं, दोन बोटं, कधी तीन.
तुमची तार अर्ध्या बोटावर तुटली
आणि थेंब पडला, नळाचा पडावा तसा.

कूर्चेला नसा नसतात,
हे डॉक्टर तियाइनेननी सांगितलं का तुम्हाला?
ती फाटते तेव्हा ओरडत नाही.
ओरडतं शेजारचं हाड, ओरडतं सांध्याचं अस्तर,
आणि मुकादमाला वाटतं, बाई कामचुकार आहे.
ती आपली झिजते,
झिजलेलं घरच्याच पाण्यात टाकत राहते,
कोलॅजनचे तुटके धागे, ॲग्रिकनच्या काटक्या.
मुक्या माणसाच्या घरचा केर वाचायचा,
एवढंच माझं काम.

अक्कल गुडघ्यात म्हणून हसतात लोक.
अकलेचं माहीत नाही,
साक्ष मात्र तिथे असते.

शहाण्णव खळग्यांची ताटली.
वीस मिनिटं अंधार.
खळगे आधी निळे होतात,
मग आम्लाचा थेंब पडला की पिवळे.
ज्याच्या पाण्यात मोडतोड जास्त, तो जास्त पिवळा.
तुमचा खळगा दलदलीतल्या हिल्ला बोरासारखा पिकला होता.
मी खुर्चीतून उठलेच.
विशेष काही नाही म्हणे!

मग नजर खालच्या ओळीत गेली,
निरोगींच्या.
सगळे फिके, कोऱ्या चहासारखेही नाहीत.
एक सोडून.

निरोगी माणसं मिळत नाहीत या कामाला.
धड गुडघ्यात सुई कोण टोचून घेईल?
नोव्हेंबरात मीच टेबलावर आडवी झाले होते,
कॉफीचं कूपन मिळालं होतं.
आपला नंबर आपल्याला कळू नये असा नियम आहे,
पण तारीख कशी विसरणार?
त्या दिवशी कुओपिओत दुसरं कोणी आलंच नव्हतं.

ताटली उलटी धरली असेल म्हणून फिरवून पाहिली.
नवी ताटली, नवी रसायनं, परत सगळं.
परत तेच.
तुम्ही आणि मी, एकाच रंगाचे.

माझा गुडघा बर्फावर तीस किलोमीटर स्की करतो.
कधी चकार शब्द नाही त्याचा.

वडील, तायस्तो,
कल्लावेसी तळ्यावर मासे धरायला न्यायचे.
गिरमिटाने भोक पाडायचे, हात घालून जाडी मोजायचे.
पायाखालून कडाड आवाज गेला की मी त्यांना बिलगायची.
ते म्हणायचे, बोलतोय ना, मग भिऊ नकोस.
एप्रिलात तो गप्प होतो,
तेव्हा काठावर ये.

शितावरून भाताची परीक्षा शिकले मी बावीस वर्षं.
आज दोन शितं आहेत, सारखीच शिजलेली.
एक भाजतंय, एकाला पत्ताच नाही.
तक्त्यात आकडा लिहिला, तुमचा आणि त्याच्या खाली माझा.
दुखण्यासाठी रकाना नाही.
समासात पेन्सिलीने लिहिलं, तार अर्धं बोट.
ते कोणी वाचेल की नाही, कोण जाणे.

संध्याकाळी तळघराच्या वाटेवर
नवी फरशी अर्धी बसलेली दिसली.
शेवटच्या लादीपाशी घडी केलेलं जाड जाकीट,
त्यात दोन गुडघ्यांचे खळगे,
उजवा जरा उथळ.
आसपास कोणी नव्हतं.
तुमचंच असेल असं नाही. लाद्या बसवणारे पुष्कळ.

मी वळसा घालून जिन्याकडे गेले.
कठडा धरला.