दोन मिनिटं

पांढरी फरशी, तळहाताहून थोडी मोठी,
तिच्यावर चौकटी आखलेल्या.
चौकटीत जांभळ्या द्रवाचा एक थेंब,
त्यात तारेच्या कडीनं टेकवलेलं
कोंबडीचं रक्त.
मग फरशी डोलवायची, हळू,
दोन मिनिटं. जास्त नाही.
त्यानंतर थेंब वाळायला लागतो
आणि निरोग्यालाही दोषी ठरवतो.

ग्रोनिंगेनच्या उत्तरेला, जिथे समुद्राला बांध घातलाय,
तिथे वुब्बोची शेड.
मार्च. दार उघडायला खांदा लावावा लागतो, असा वारा.
तो कोंबडी आडवी धरतो, मी पंख उलगडते.
ओल्या बोटानं पिसं सारली की शीर दिसते,
निळी, वहीच्या समासासारखी.
कोंबडी ओरडते ती धरताना.
टोचताना गप्प असते.

"अंडी तर रोज देताहेत, हिल्ये.
तुरे बघ की, लालभडक."
मी तुऱ्यांकडे बघत नाही.
तुरा म्हणजे रंगवलेलं दार;
घरात काय चाललंय ते दाराला कुठं ठाऊक.
आतड्यातला हा जंतू सभ्य भाडेकरू आहे.
आवाज नाही, भांडण नाही,
एक खोली सोडून हळूच दुसरीत जातो,
आतड्यातून अंडाशयात,
आणि एका सकाळी कवचाच्या आत बसलेला असतो.
कवच तितकंच स्वच्छ.
अंडं तितकंच कोमट.

एकोणचाळीस. रंग एकसारखा, सपाट.
चाळीस. तसाच.
एक्केचाळीस:
पायात पिवळी कडी, एक नख तुटलेलं,
वुब्बो हिला नुसतं 'ती' म्हणतो.
कडेपासून सुरू होतं.
दूध फाटावं तसा रंग फाटतो,
कण एकमेकांना धरतात, गाठी होतात,
मधलं पाणी नितळ.
अर्धं मिनिटही लागलं नाही.

"आजारी आहे?"
"माहीत नाही."
"मग हे काय सांगतंय?"
"एवढंच, की गाठ पडली होती यांची.
कधीतरी.
रक्त विसरत नाही, वुब्बो,
पण तारीखही लिहून ठेवत नाही."

तो तिला खाली ठेवत नाही.

नोंदवहीत एक रकाना असतो: पिल्लं कुठून आणली.
मी विचारते. तो खिडकीबाहेर बघतो,
दोन शेतं सोडून, हिरव्या छपराकडे.
"एप्पोकडून. भाऊ.
म्हणजे, मधल्या माणसाच्या हातून.
आम्ही बोलत नाही."
किती वर्षं, ते मी विचारत नाही.
त्याला रकाना नाही.

सहासष्टांत तीन निघाल्या.
तिघींचं रक्त नळ्यांत, नळ्या बर्फात,
प्रयोगशाळा काय म्हणेल ते शुक्रवारी.
तोवर अंडी बाहेर जाणार नाहीत.
हे मी दोनदा सांगते;
पहिल्यांदा त्याला ऐकू गेलं नाही.
आणि उद्या मला हिरव्या छपराखाली जायचंय.

"त्याला कोंबडी धरता येणार नाही,"
वुब्बो एकदम म्हणतो.
"हात कापतात त्याचे. आईसारखे.
गेल्या हिवाळ्यापासून."
बोलत नाहीत, मग हिवाळा कसा कळला?
"तुला तर दोनच हात."

मी नियम सांगते.
या शेडमधला माणूस दुसऱ्या शेडमध्ये
इतक्यात जाऊ शकत नाही.
अंघोळ, वेगळे कपडे, वेगळे बूट,
आणि मध्ये निदान एक अख्खा दिवस.
तो ऐकतो, बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजतो.
"मग परवा," म्हणतो.

मी वहीतलं 'उद्या' खोडते.
तो नळाशी जाऊन हात धुवायला लागतो,
कोपरापर्यंत, साबण लावून,
परवा अजून किती लांब आहे
हे त्याला माहीत नसल्यासारखा.
फरशी माझ्या हातात तशीच.
एक्केचाळीसची चौकट आता पूर्ण वाळलीय,
दोन मिनिटं कधीच उलटून गेलीत,
आता तिथे काही वाचायचं नसतं.