सतरा शिंपले

त्यांना माझे हात नको होते, डोळे हवे होते.
मी अकरा वर्षांचा. फोर्थच्या खाडीवरचं आमचं गाव
हेरिंगवर जगायचं,
आणि हेरिंग नसेल तेव्हा कशावर जगायचं
ते कुणी कुणाला विचारायचं नाही.

गिलक्रिस्ट आणि त्याचा मेहुणा लाकडी फावडी आणत.
लोखंड दगडाला लागलं की बोलतं,
लाकूड पोटात ठेवतं.
पण बायकाही हुशार झाल्या होत्या.
नव्या मातीवर काहीबाही मांडून जात,
काटकी, बशीचा तुकडा,
सहज पडल्यासारखं.
सकाळी त्यातलं एक जरी सरकलेलं दिसलं
तरी कळायचं, आत कुणी नाही.

तर माझं काम पाठांतराचं.
शाळेत वचनं विसरून छड्या खाणारा मी
थडगी घडाघडा म्हणून दाखवायचो.

युफेमिया लोरीमरने मुलीसाठी शिंपले मांडले होते.
सतरा. एक पालथा.
थंडीत भावंडं झोपतात तसे एकमेकांना खेटून,
आणि मधोमध, एका शिंपल्यात, कोंबडीचं पांढरं पीस.
तिन्हीसांजेला मी ते दोनदा म्हटलं.
पीस उचलून सदऱ्याच्या आत ठेवलं, भिजू नये म्हणून.
मग वादळाची वाट पाहिली.
वादळात खणलेलं ऐकू येत नाही.

खणायचं फक्त उशाकडून, माणूस मावेल एवढं.
आकडा. गोणपाटाखाली फळी मोडल्याचा आवाज.
काखेतून दोर.
ती वर आली, डोकं आधी, जन्मताना यावी तशी.
गिलक्रिस्टने कफन सोडवलं, घडी केली, खड्ड्यात टाकलं.
कापड नेलं तर चोरी.
देह कायद्याने कुणाचाच नसतो.
हे त्याने मला वडीलधाऱ्यासारखं समजावलं,
तिचे गुडघे दुमडता दुमडता.
पिंपात तळाशी मीठ, वर चार बोटं मासळी,
आणि पहाटेची होडी, एडिंबराला.
तिथे थंडीत मढी टिकतात. भाव चढतो.

वारा पडला तेव्हा मी कामाला लागलो.
माती थोपटली. सतरा शिंपले. पालथा पालथा.
सदऱ्यातून पीस काढलं, माझ्या छातीने ऊब आलेलं,
आणि नेमकं जागेवर ठेवलं.

सकाळी मुद्दाम तिथे गेलो.
कारागिराला आपलं काम बघावंसं वाटतंच.
युफेमियाने हात न लावता मोजलं.
मग आडव्या झालेल्या गवताकडे पाहिलं.
मग चर्चच्या छपराकडे, जिथली निम्मी कौलं खाली आली होती.
मग पिसाकडे.
मग माझ्याकडे, बराच वेळ.
"सगळं जागच्या जागी आहे," ती म्हणाली,
आणि ॲप्रनमधून भाजलेला बटाटा काढून मला दिला.
गरम होता. मी सालासकट खाल्ला.
त्यानंतर ती रोज येऊन त्या मातीशी बोलायची,
मला वाटायचं, आपण फसवलं हिला.

बारा वर्षांनी माझा ईवन गेला. अडीच वर्षांचा.
लहान मुलं इंचावर विकली जातात, हे मला कुणी सांगायला नको होतं.
तीन रात्री बंदूक घेऊन भिंतीला टेकून बसलो.
चौथ्या रात्री गारा, समुद्र धक्क्यावर चढलेला,
तापाने मी घरीच पडून.
मातीवर मी माझं मांडून आलो होतो,
बटणं, घोड्याचा नाल,
आणि का कुणास ठाऊक, पीस.

उजाडताच गेलो.
फाटक बिजागरीतून निखळलेलं. दोन क्रूस आडवे.
ईवनच्या मातीवर
सहा बटणं, माझ्याच क्रमाने.
नाल उत्तरेकडे तोंड करून.
पीस मी बोटांत धरलं.
कोरडं होतं.

भिंतीशी एक पोरगा उभा होता, थंडीने कान लाल झालेला,
माझ्याकडे बघत.
"सगळं जागच्या जागी आहे," मी म्हणालो.
खिसे चाचपले.
द्यायला काही नव्हतं.